नापास चौकट

"हात मात्र नाही हं लावायचा," असं बजावत हेदरने ती चौकट पांढऱ्या गादीवर ठेवली आणि भिंग मॅव्हिसबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

तळहाताएवढी चौकट. तिच्यात मोहरीहून बारीक चार हजार शहाण्णव कड्या, आणि प्रत्येक कडीतून केसासारख्या तारा ओवलेल्या. साठ वर्षांपूर्वी संगणकाची स्मृती अशी हाताने ओवावी लागे. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या सूतगिरण्यांतलं काम सुटून घरी बसलेल्या बायकांनी ती ओवली होती.

"अगं बाई गं! हे आम्ही केलं? ह्या हातांनी?"

हेदरने संग्रहालयाचं नोंदपत्र पुढे घेतलं. कारागीर: अज्ञात. दोष: तारा उलट्या वळवलेल्या. चौकटीशेजारी लावायची पाटी आज छापायला जाणार होती.

"दोष कसला डोंबलाचा!" मॅव्हिसबाईंनी भिंगावरून मान वर केलीच नाही. "नेली क्रॉम्प्टनचा हात आहे हा. डावखुरी होती ती."

"नक्की?"

"सात वर्षं मांडीला मांडी लावून बसलो होतो, पोरी."

हेदरने 'अज्ञात' खोडून नेलीचं नाव लिहिलं. मग चौकटीला बांधलेली पिवळी चिठ्ठी चिमट्याने उलटली. "मग हे कुणी लिहिलं? 'नापास. एम. ई.'"

मॅव्हिसबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मीच. तपासणीवर नुकतीच बढती मिळाली होती. साहेब म्हणाले, वीण सगळ्यांसारखी नाही, नापास लिहा. मी लिहिलं. वीज सोडून बघू या, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. त्या शुक्रवारी नेलीला काढलं. मरेपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

हेदरने चिठ्ठी पुन्हा होती तशी उलटून ठेवली.

"नापास होती म्हणून कपाटात राहिली," ती म्हणाली. "पास झालेल्या सगळ्या चौकटी यंत्रांबरोबर भंगारात गेल्या."

"चालते का गं?"

"गेल्या आठवड्यात वीज सोडली. एकेक कडी तपासली. एकही चुकली नाही."

मॅव्हिसबाई पुन्हा भिंगावर वाकल्या. कितीतरी वेळ त्या कड्यांच्या रांगा नुसत्या पाहत राहिल्या. पापण्या ओल्या झाल्या, तशा गादीवर थेंब पडू नये म्हणून मागे सरल्या.

"चिठ्ठी काढता येणार नाही," हेदर हळूच म्हणाली. "तीही जपावी लागते आम्हाला."

"काढू नकोच. फक्त पाटीवर एम. ई. म्हणजे कोण, ते लिही. पूर्ण नाव लिही, पोरी. नेलीच्या खाली."