हात हलवणारा दादा

दादा रोज संध्याकाळी टीव्हीवर हात हलवायचा. रणगाड्यावर बसून, बत्तिशी दाखवत. तो दिसल्याशिवाय आई कुणाला जेवायला वाढायची नाही.

ती क्लिप बाबाच लावायचे. ते वृत्तवाहिनीत एडिटर आहेत. क्लिप जुनी होती, तिच्या कोपऱ्यात 'संग्रहित' असं यायला हवं होतं. पण दादाचे फोन बंद झाले आणि बाबांनी आईसाठी तो शब्द उडवला. वाहिनीला काय, हसरे जवान हवेच होते! युद्ध थांबवा म्हणून रस्त्यावर मोर्चे निघत होते आणि मंत्री म्हणत होते, बघा, आमची पोरं कशी खुशीत आहेत.

मी मात्र ओळखलं. क्लिपमध्ये दादाच्या हातात जे घड्याळ आहे, ते सुट्टी संपवून जाताना त्याने माझ्या मनगटात अडकवलं होतं. बाबांना विचारलं तर त्यांनी हातच जोडले. "आईला कळू देऊ नकोस गं."

शेवटी आम्ही दोघं गुपचूप सैन्याच्या चौकशी कार्यालयात गेलो. दादाचा फोटो बघून खिडकीतले साहेब हसलेच. "बेपत्ता? अहो, काल टीव्हीवर बघितला की! माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. चला, पुढचे."

बाबांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती. नाही सांगितलं तर दादाला कुणी शोधणारच नव्हतं.

मग मीच ठरवलं. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझी बोबडी वळायची, पण आता वक्तृत्वाचा कप आहे घरी! मी येते म्हटल्यावर वाहिनीने दुपारच्या थेट कार्यक्रमात 'जवानाची बहीण' म्हणून मला मंत्र्यांसमोर बसवलं. निवेदिका माझा गाल ओढत म्हणाली, "अभिमानाने बोल हं, राणी. रडगाणं नको."

सुरुवात मी झक्कास केली. मंत्री मान डोलवायला लागले. मग मी मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं.

"तुम्ही रोज दाखवता तो माझा दादा आहे. त्याच्या हातातलं घड्याळ हे बघा, माझ्याकडे आहे. क्लिप जुनी आहे. तो बेपत्ता आहे. शोधा ना त्याला!"

"ब्रेक! ब्रेक घ्या!" निवेदिका ओरडली.

ब्रेकचं बटण काचेपलीकडे बाबांच्या हाताखाली होतं. त्यांनी ते दाबलं नाही. पडद्यावर माझ्या शेजारी दादा आला, हात हलवत, आणि कोपऱ्यात शब्द उमटला: संग्रहित.

बाबांचं ओळखपत्र दारातच काढून घेतलं. घरी आलो तर आई चपला घालूनच बसलेली.

"घड्याळ मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली.

बाबा मटकन खाली बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेने लावत होतात. म्हटलं, हा खोटा आधार काढून घेतला तर तुम्हीच कोसळाल." तिने त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला. चौकशीची खिडकी बंद व्हायच्या आत."

आम्ही अक्षरशः पळत गेलो. साहेब तेच. त्यांच्या डोक्यावरचा टीव्ही चालू होता. बाबांच्या खुर्चीत एव्हाना दुसरं कुणीतरी बसलं असणार, कारण दादा हात हलवत होता आणि कोपरा रिकामा होता.

"साहेब, माझा मुलगा..." आईने खिडकीचे गज धरले.

साहेबांनी मान वर केली, पडद्याकडे बघितलं, आणि बोट दाखवलं.

"हाच ना?"