उलट्या दातांचं पातं

तिनं पातं खिडकीच्या उजेडात आडवं धरलं आणि नखाचं टोक दातांवरून हळूहळू पुढं नेलं. दात खाली तोंड करून होते, एकाआड एक जागा मोकळी, भुसा बाहेर पडावा म्हणून. इथवर ओळखीचं होतं. शेवटच्या अर्ध्या पेरात मात्र नख अडकलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पातं डोळ्याजवळ आणलं आणि मोजलं. सात दात उलटे होते, वर बघणारे. तिनं पुन्हा मोजलं. सातच.

ते पातं तिनं आत्ताच नक्षी कापायच्या मशीनमधून काढलं होतं. दोन महिने ती लेकीकडे बाळंतपणाला गेली होती, काल परतली, आणि आज सकाळी घरामागच्या कारखान्याचं दार उघडून सवयीनं आपल्या टेबलाशी बसली. टेबलावर जाळीच्या पॅनलची चळत होती. तिनं वरचं पॅनल उचलून पालथं केलं, डाव्या हातानं धरलं, उजव्या हातानं गोल कानस घेतली. आणि हात तसाच थांबला. घासायला काही नव्हतंच.

एकोणीस वर्षं तिचं काम पॅनलच्या पालथ्या बाजूला होतं. पातं खाली येताना लाकूड कापतं आणि जाताना प्लायचा खालचा पापुद्रा उचकटून जातं. प्रत्येक भोकाच्या कडेला कुसळांची दाढी उगवते. नवऱ्यानं वरून नक्षी कापायची आणि तिनं ती खालून तासायची, अशी वाटणी होती. सुरुवातीची तीन-चार वर्षं तीही मशीनवर बसायची, बारीक वळणं तर तीच कापायची. मग कामं वाढली. “एका मशीनवर एकच हात हवा,” तो म्हणाला होता, आणि ते तेव्हा तिलाही पटलं होतं.

आधी तिला वाटलं, त्यानंच घासून ठेवलं असेल. म्हणून तिनं भिंगातून कडा पाहिल्या. कानशीचा एकही ओरखडा नव्हता. लाकडाचे तंतू जिथं कापले गेले तिथं सरळ कापले गेले होते. तिनं चळतीतली सात-आठ पॅनल पालथी करून पाहिली. सगळी तशीच. मग ती मशीनकडे गेली होती आणि तिनं पेच ढिले करून पातं काढलं होतं. वर जाताना ते सात उलटे दात खालचा पापुद्रा उचकटण्याऐवजी कापत होते.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. पॉलिशवाला आत डोकावला.

“आलात का वहिनी? आजी झालात म्हणे! पेढे नाहीत तर नाहीत, चहा तरी पाजा.”

“बसा. हे यायचेत अजून, प्लाय आणायला गेलेत.”

“नको, चहा उधार. माल भरतो आणि पळतो.” तो पॅनल मोजून घेऊ लागला. “पण एक सांगू का? रागावू नका. तुम्ही गेलात आणि दादाचा हात सुधारला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, बघा की. खालून कसं लोण्यासारखं. पहिल्या दिवशी मी पॉलिशपेपर घेऊन बसलो, म्हटलं आता वहिनी नाहीत, आपलंच मरण. तर कुसळ म्हणून नाही! मी दादाला विचारलं, जादू शिकलास की काय?”

“मग काय म्हणाले?”

“हसला. म्हणाला, मनात आणलं की सगळं होतं.” पॉलिशवाल्यानं गठ्ठा खांद्यावर चढवला. “आता तुम्ही खुशाल आराम करा. नातवाला खेळवा. नात ना? हां, नातीला.”

त्याची सायकल दूर गेली. मग तिनं रद्दीतला प्लायचा एक तुकडा घेतला, त्यावर पेन्सिलीनं बारा सारखी पानं काढली आणि प्रत्येकात गिरमिटानं भोक पाडलं. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा होता. नेहमीची पाती मशीनशेजारच्या बाटलीत उभी होती. त्यातलं एक लावून तिनं पाच पानं कापली. चार मिनिटं दहा सेकंद. इतक्या वर्षांनी बसूनही हात वळणावर चुकला नाही, याचं तिला नवल वाटलं नाही. फक्त ते तिच्या लक्षात आलं.

मग उलट्या दातांचं पातं लावलं. पहिल्याच पानाला प्लाय टेबलावरून उसळला आणि थाडथाड आपटला. तिनं मशीन बंद केली. पातं वर जातं तेव्हा उलट्या दातांतले दोन-तीनच टेबलाच्या वर यायला हवेत. इथं सहा येत होते. तिनं पातं खाली सरकवून पुन्हा आवळलं, तार छेडावी तसं बोटानं छेडून पाहिलं, प्लाय दोन्ही हातांनी दाबून धरला. आता नीट चाललं. भुसा वर येत होता, रेघ झाकली जात होती, मधूनमधून फुंकर मारावी लागत होती. बिघडलेलं पान सोडून तिनं पाच पानं कापली. चार मिनिटं पस्तीस सेकंद.

पानामागं पाच सेकंद. एका पॅनलला एकशे चाळीस भोकं. तिनं तुकड्याच्या कोपऱ्यात गुणाकार मांडला. पॅनलमागं बारा मिनिटं जास्त. तिला एक भोक खालून साफ करायला वीस सेकंद लागायची, हे तिला न मोजताही ठाऊक होतं. पॅनलमागं सत्तेचाळीस मिनिटं.

तिनं दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. त्याची बारा. तिची सत्तेचाळीस. शाळेत असताना अशी उदाहरणं तिला आवडायची.

बोटांच्या टोकांवरून तिनं अंगठा फिरवला. आता ती मऊ झाली होती. लेकीकडे गेली तेव्हा पहिल्या आठवड्यात बाळाच्या दुपट्याचे धागे तिच्या बोटांना अडकायचे. “आई, तू उचलू नकोस, तिला टोचतं,” लेक म्हणाली होती, आणि लगेच ओशाळून म्हणाली होती, “म्हणजे झबलं घालताना.” सातव्या आठवड्यात लेकीनं सहज तिचं बोट फोनवर दाबून पाहिलं, आणि कानशीनं पुसून गेलेला तिचा ठसा फोननं पहिल्यांदाच ओळखला. दोघी हसल्या होत्या. त्याच संध्याकाळी तिच्या ताईचा फोन आला. ताईचा लहान मुलांची लाकडी कोडी बनवायचा कारखाना होता. तीन वर्षं ताई एकच विचारत होती, “दुसरी मशीन रिकामी पडलीय, कधी येतेस बसायला?” आणि ती तीन वर्षं एकच उत्तर देत होती, “बघू गं.” त्या संध्याकाळीही तेच दिलं.

ती नवऱ्याच्या कपाटाशी गेली. खणात पात्यांचे डबे होते. प्रत्येक डब्यावर तो आणल्याची तारीख टाकायचा. जुनी पाती आधी संपवायची, हा त्याचा नियम. उलट्या दातांचा डबा सगळ्यांच्या मागं होता. पत्र्याला गंज चढला होता, आतली पाती मात्र तेलाच्या कागदात गुंडाळलेली. झाकणावरची अक्षरं त्याचीच होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

ते वर्ष तिला आठवायची गरज नव्हती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख तेव्हापासून वाकडं उगवत होतं.

“अगं, दार उघडं टाकून काय करतेस? सगळा भुसा अंगणात चाललाय.” नवरा प्लायचे तुकडे घेऊन आत आला. त्यानं ते भिंतीला टेकवले, पंचानं मान पुसली आणि मशीनकडे पाहिलं. “तू बसली होतीस?”

“जरा बघत होते.”

“जमलं का?” तो हसला. “विसरली असशील.”

“नाही विसरले.”

त्यानं मशीनमधलं पातं बोटानं चाचपलं, पेच सोडले, पातं काढून तेलाच्या कागदात ठेवलं आणि बाटलीतलं नेहमीचं पातं बसवलं. हे सगळं त्यानं एका दमात केलं, रोज सकाळी दिवा मालवावा तसं. ती काही विचारेपर्यंत तो थांबला नाही.

“ते का काढलं?”

“ते सावकाश चालतं गं. सारखी फुंकर मारा, दाबून धरा. माझे खांदे भरून आले दोन महिन्यांत.” त्यानं स्टूल पुढं ओढलं. “आता तू आलीस ना.”

मशीन सुरू झाली. त्याचा हात खरंच चांगला होता, कुणीही थांबून बघावा असा. वळणावर लाकूड जणू आपणहून फिरायचं. ती टेबलाशी बसून बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं पहिलं पॅनल काढलं, झटकलं आणि मागं न बघता हात लांब करून तिच्यासमोर ठेवलं. पालथं. नेहमीसारखं.

एकशे चाळीस भोकांना कुसळांच्या दाढ्या होत्या.

“डबा कधी आणला होता हा?” तिनं विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. डबा तिच्या समोर होता, झाकण वर. तारीख तिला वाचता येते हे त्याला माहीत होतं.

“तुझं बोट पिकलं होतं ना तेव्हा. नख काढलं होतं डॉक्टरांनी. मी पार बाजार पालथा घातला होता त्या पात्यांसाठी. कुणाकडे मिळत नव्हती.” त्याच्या आवाजात त्या दिवसांची धावपळ होती, त्यात खोटं काही नव्हतं. “तुला सांगितलं नाही का मी?”

“नाही.”

“दहा-बारा दिवस चालवली असतील.”

“मग?”

“मग काय,” तो म्हणाला, “मग तुझं बोट बरं झालं.”

त्याला स्वतःला त्यात काही वावगं ऐकू आलं नाही. त्यानं पुढचा प्लाय टेबलावर घेतला, भोकातून पातं ओवलं, वरचा पेच आवळला. तिनं कानस उचलली. तिचं टोक नेहमी बोथट व्हायचं त्या जागी बोट ठेवून पाहिलं, मग ती टेबलावर आडवी ठेवून दिली. तिच्या शेजारी पॉलिशपेपरच्या घड्या होत्या, त्या तिनं एकावर एक नीट लावल्या.

“पॉलिशवाला उद्या सकाळी पुन्हा येणार आहे,” मशीनच्या आवाजावरून तो म्हणाला. “दोन महिने ऐष केलीस, आता जरा हात चालव बाई. संध्याकाळपर्यंत किती होतील तुझ्याकडून?”

“एकही नाही.”

“काय?”

“एकही नाही म्हटलं.”

त्यानं पायानं मशीन थांबवली. खोलीत भुसा हवेत तरंगत होता.

“हे काय आता? लेकीनं काय भरवून पाठवलंय तुला? दुखतंय का काही?”

“काही दुखत नाही.”

“मग?”

तिनं समोरचं पॅनल उचलून सुलटं केलं. वरून ते सुंदर होतं. ते तिनं त्याच्या बाजूला सरकवलं.

“मी ताईकडे कामाला जाणार आहे,” ती म्हणाली. “सोमवारपासून. मशीनवर.”