बंद वॉर्डातलं स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. १९९४ साली कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी आले. पंधरा वर्षे पेशंटची माणसे माझ्यावर बसली. कुणी डाळिंब सोलले, कुणी डुलक्या घेतल्या. "लई दणकट हाय," असे म्हणून आण्णा वॉर्डबॉय माझे कौतुक करायचे.

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. वॉर्डाचे दार बंद झाले. नातेवाइकांना आत यायची मनाई झाली आणि मी रिकामे पडले.

संघप्रिया सिस्टर तेव्हा डबल ड्यूटी करत होत्या. त्या मंगळवार पेठेत राहायच्या. त्यांना पाहिले की साथीच्या भीतीने नळावरच्या बायका बाजूला सरत. लहानग्या लेकीला, अक्षताला, त्यांनी आपल्या आईकडे ठेवले होते. बारा दिवस तिचे तोंड पाहिले नव्हते. मास्कने नाकावर जखम झाली होती.

माझ्या शेजारच्या खाटेवर आकाराम होते, शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीतले कामगार. धाप लागायची, तरी ऑक्सिजनचा मास्क ते सारखा ओढून काढत.

"सोडा की मला! मरायचंच हाय तर घरात मरतो."

पेशंटजवळ जास्त थांबू नका, अशी सिस्टरांना ताकीद होती. तरी त्या माझ्यावर बसल्या. हातमोजा घातलेल्या हाताने त्यांनी आकारामांचा हात धरला.

"मामा, शालूबाई खाली उभ्या हायत. म्हस व्याली म्हणत्यात. रेडी झाली."

"रेडी? खरं व्हय?"

बायकोचा निरोप ऐकून त्यांनी मास्क आपणच नाकावर ओढला.

चार दिवसांनी, भर दुपारी, आकाराम गेले. तेव्हाही सिस्टर माझ्यावरच बसल्या होत्या.

शालूबाईंना दाराबाहेर लांब उभे केले होते. त्यांनी एवढेच विचारले, "मालक एकलंच गेलं व्हय, बाई?"

"न्हाय, मावशी. मी हुते की. हात धरला हुता."

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

सिस्टर परत येऊन माझ्यावर टेकल्या. डोळे भरून आले, पण पुसायचे कसे? चेहऱ्याला हात लावायचा नव्हता. एवढ्यात समोरच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली. त्या उठल्या.

पुढे साथ ओसरली. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मी अडगळीत उलटे पडले आहे. माझे काही म्हणणे नाही. पण मित्रांनो, तुमचे कुणी दवाखान्यात असेल आणि सिस्टर गोळ्या घेऊन आल्या, तर उठा, त्यांना बसायला द्या. त्या नको म्हणतील. तरी द्या.