पिठी फासलेली गौर

मी निरवांगीच्या कुंडलिकच्या घरातली गौर बोलतेय. तशी मी पितळेचा मुखवटा. पण दरवर्षी तीन दिवस माहेरपण घेतलेल्या जिवाला बाईच म्हणायचं.

बारामतीच्या रावजी ओताऱ्याच्या बापानं मला ओतलं. वर्षभर मी फडक्यात गुंडाळून फळीवर. भाद्रपद आला की कुंडलिकची बायको चंद्राबाई मला चिंचेनं घासायची आणि घासता घासता सासरची सगळी गाऱ्हाणी सांगायची. मी कुणापाशी बोलले नाही.

१९५६ साली घराची वाटणी झाली. धाकटी जाऊ छबूबाई जळोचीला निघाली आणि मलाच मागू लागली. दोघी माझ्यावरून कडाकडा भांडल्या. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं!

शेवटी छबूबाईसाठी हुबेहूब दुसरी गौर करायचं ठरलं. पण गौर उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, ही घरची रीत. म्हणून बारामतीहून अमजद फोटोवाला आला. माझ्या चकाकीपुढं नाकडोळे नीट दिसेनात. त्यानं मला तांदळाची पिठी फासली आणि समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

"पितळेची हाय म्हणून कारागिराला सांगा बरं," असं तो कुंडलिकला बजावून गेला. कुंडलिक ते साफ विसरला.

इंदापूरच्या तात्याबा मूर्तिकारानं फोटो पाहिले. पांढरा चेहरा, म्हणजे शाडूचाच! त्यानं मातीची गौर घडवली. नाक माझं, ओठ माझे, हनुवटीवरचा पोचासुद्धा माझा. वर गोरा रंग आणि गुलाबी गाल.

"अगं बया, किती गोरीपान!" चंद्राबाई म्हणाली. "छबू, ही मी ठेवते. तू जुनी ने."

"मला न्हाय ती पिवळी. मला बी असलीच पायजे."

झालं, भांडण मिटलं! इतकी एकी त्या घरात मी कधी पाहिली नव्हती. तात्याबाला आणखी एक मातीची गौर सांगितली, आणि मला पिशवीत कोंबून चंद्राबाईनं उंबरा ओलांडला. थेट बारामतीला, रावजीच्या दुकानात, मोडीत द्यायला.

रावजी चपापला. "वैनी, गौर मोडीत देताय व्हय?"

"गौर घरी हाय, रावजीभाऊ. हे निस्तं पितळ हाय."

बदल्यात तिनं नवी कळशी घेतली. निदान एकदा मागं वळून बघेल असं वाटलं मला. ती कळशी उन्हात धरून निरखत निघून गेली.

आता भट्टी पेटली आहे. रावजी, माझी समई कर, बैलाच्या गळ्यातली घंटा कर, तुला हवं ते कर. फक्त पुन्हा कुणाची गौर करू नकोस मला.