अकराव्या खाचेतली राणी

तिलकसेन अंबन्वेल हे कँडीचे निवृत्त पोस्टमास्तर. निम्मं आयुष्य त्यांनी लोकांची पत्रं उशिरा पोचवण्यात घालवलं आणि उरलेलं लंकेची नाणी जमवण्यात. पराक्रमबाहूचं तांबं, नाणं म्हणून चालणारी, गळासारखी वाकवलेली चांदीची तार, डचांचे स्टायव्हर, इंग्रजांचा हत्तीछाप पैसा, चौकोनी पाच सेंट, सगळी मंडळी मखमली खाचांत सुखाने पडलेली. एका लठ्ठ वहीत प्रत्येकाची नोंद: कुठून मिळालं, कशाच्या बदल्यात, अवस्था कशी. ‘झीज बरीच, पण ओळखू येतं’ हा त्यांचा लाडका शेरा. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांना दरवर्षी विचारावी लागे, पण कुठल्या राजाने नाण्यात भेसळ केली ते तोंडपाठ होतं.

संग्रहाचा मुकुटमणी अकराव्या खाचेत होता. आठशे वर्षांपूर्वी लंकेवर राज्य केलेल्या राणी लीलावतीचं तांब्याचं नाणं. बिचारीला तीनदा गादीवर बसवलं आणि तीनदा उतरवलं, पण अंबन्वेलांच्या कपाटात तिचं राज्य वीस वर्षं अढळ होतं. शनिवारी वाचनालयात प्रदर्शन, त्यासाठी कोलंबोहून एक प्राध्यापक येणार, आणि लीलावती पाहून त्यांची बोटं तोंडात जाणार, असा बेत होता.

गुरुवारी सकाळी, डेंग्यूतून उठल्यावर पहिल्यांदाच, पुसायला म्हणून तबक काढलं, तर अकरावी खाच रिकामी.

“कुसुम! मी लुटलो गेलो!”

“नारळ खवतेय,” आतून कुसुमलताबाईंनी कळवलं.

संशयित तयारच होता. शेजारचे पियतिस्स मास्तर, तेही नाणेवेडे. डेंग्यूच्या आधी एका रविवारी भिंग लावून दहा मिनिटं लीलावतीकडे पाहत होते आणि शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला होता. अंबन्वेलांनी फोन उचलला. “मास्तर, माझी राणी परत आणा. पोलिसांत जात नाही.”

मास्तर पाच मिनिटांत आले आणि त्यांनी खिसे टेबलावर उलटे केले. विड्याचं पान, बसचं तिकीट, तपकिरीची डबी.

“घ्या झडती! सदराही काढू का?”

“सरोंगची कनवट राहिली.”

“अहो, सत्तरी ओलांडलेल्याच्या कनवटीला राणी येऊन काय करणार आहे?”

इतक्यात कुसुमलताबाई चहा आणि गुळाचे खडे घेऊन आल्या. “मास्तरांना बसू द्या हो. ते नाणं मी घेतलंय.” त्यांनी बुद्धमूर्तीच्या फळीकडे बोट केलं. तिथे पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी होती, हळदीने पिवळटलेली. “तुम्हाला डेंग्यू झाला तेव्हा कतरगमच्या देवाला नाणं बांधून नवस बोलले. शनिवारी त्याचा वार. नेऊन वाहायचंय.”

दुसऱ्या कोणत्याही नवऱ्याने विचारलं नसतं ते अंबन्वेलांनी विचारलं. “तू... धुतलंस ते?”

“हळदीत. आधी लिंबू चोळलं. आठशे वर्षांचा मळ तो!”

मास्तरांनी डोळे झाकले. या कपाटातली चोरी त्यांना एक वेळ चालली असती, पण जुन्या नाण्याचा काळा थर घासून त्याची किंमत घालवणं नाही.

“घरात दुसरं नाणं नव्हतं?”

“डबाभर आहेत, दहाची, वीसची.” बाई पदराला हात पुसत राहिल्या. “डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. म्हटलं, दहा रुपयांत हल्ली अंडं येत नाही, माणूस कुठला यायला? ह्यांना सगळ्यात प्यारं काय, तेच ठेवते. मला काय, तांबंच ते.”

“शनिवारी प्रदर्शनापुरती गाठ सोडतो. रविवारी पुन्हा बांध.”

“सोडा की. गाठ देवाच्या दारातच सुटते म्हणतात, पण तुम्ही शिकलेले. फक्त ताप उलटला तर मला हाक मारू नका.”

अंबन्वेलांनी पुरचुंडी उचलली. बायकोच्या गाठी त्यांना ठाऊक होत्या, नीट आणि चापून बसलेल्या. ही वेडीवाकडी होती, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. हात थरथरत असतानाच अशी गाठ बसते. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यांनी पुरचुंडी जागेवर ठेवली.

“मास्तर,” ते म्हणाले, “शनिवारी प्राध्यापकांना तबकं तुम्ही दाखवा. आणि चुकलो मी.”

“चुकलात हे वहीत लिहून द्या,” मास्तर तपकीर ओढत म्हणाले.

शनिवारी नवराबायको मांडीवर फळांचं ताट घेऊन सात तास बसमधून गेले. पुजाऱ्याने गाठ सोडली आणि लीलावतीकडे ढुंकूनही न बघता तिला पेटीत टाकलं. खण्ण आवाज झाला. राणी चौथ्यांदा गादीवरून उतरली.

घरी आल्यावर अंबन्वेलांनी वही उघडली आणि अकराव्या नोंदीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘आठशे वर्षांनी खर्च झालं. खर्च करणार: कुसुमलता. बदल्यात मिळालं: एक पोस्टमास्तर, निवृत्त. अवस्था: झीज बरीच, पण ओळखू येतो.’