मेले हत्ती

"डोंगराला स्वतःची भाषा नसते; पण हा डोंगर हजार वर्षं मराठीत गप्प बसलेला आहे!" बसवंत म्हणाला आणि दोन्ही हात आभाळाकडे उचलून उभा राहिला. दुर्दैवाने तो उभा राहिला तिथे तांबड्या मुंग्यांची वस्ती होती. मुंग्यांना भाषेशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या सरळ त्याच्या पँटीत शिरल्या.

पुढे बराच वेळ सीमाभागातला एक नामवंत वक्ता एका पायावर नाचत होता आणि पूर्णिमा पाठ फिरवून सागाची झाडं न्याहाळत होती.

"आक्का, काठी दे गं. झाडतो ह्येला," यल्लाप्पा म्हणाला.

"ताई म्हण," बसवंत नाचता नाचता म्हणाला. "आक्का हा कानडी शब्द आहे."

"अन् बसवंत कुठला रं? पुण्याचा?"

यल्लाप्पासारख्या माणसाला उत्तर देणं बसवंताने शाळेतच सोडलं होतं.

तिघे शहापुरातल्या एकाच शाळेतले. पूर्णिमा दोघांच्या पुढच्या वर्गात, म्हणून जगाची आक्का. सकाळच्या गाडीने गुंजीला उतरून ते डोंगर चढत होते, ते माथ्यावरच्या मनोऱ्यासाठी. उन्हाळा लागला की जंगल खात्याचा माणूस त्यावर बसून वणवा कुठे लागतोय ते बघतो. बसवंताला तिथून वणवा बघायचा नव्हता. मनोऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघताना त्याला फोटो काढून घ्यायचा होता. रविवारी वाचनालयात त्याचा सत्कार होता आणि पत्रिकेवर तो फोटो छापायचा होता.

सत्कार कशासाठी, तर उभ्या आयुष्यात कानडीचा एक शब्द बोलला नाही, एकही कळून घेतला नाही, यासाठी. न करण्याबद्दल माणसाचा सत्कार होण्याची ही आमच्याकडची पहिली वेळ नव्हे. बसवंताचं साड्यांचं दुकान होतं आणि निम्मं गिऱ्हाईक कानडी. ते बोलू लागलं की बसवंत छताकडे बघायचा आणि बायको मालुबाई खाली बसून साडी विकायची. दुकान चाललं ते मालुबाईच्या कानडीवर. सत्कार छताकडे बघणाऱ्याचा होता.

तोही अजून पक्का नव्हता. सत्कार समितीतल्या दोघांना निवड पसंत नव्हती. बसवंताच्या तोंडून कधीतरी निसटलेला एखादा कानडी शब्द हाती लागतो का, म्हणून ते आठवडाभर बाजारात फिरत होते. सापडला असता तर कार्यक्रम रद्द. पूर्णिमा समितीची चिटणीस. हे तिला ठाऊक होतं. बसवंताला तर त्यापायी झोप नव्हती.

माथा दिसू लागला. मनोऱ्यावरून खाकी शर्टातला एक माणूस वाकला आणि हात हलवून ओरडला,

"मेले हत्ती बन्नी!"

कानडीत याचा अर्थ 'वर चढून या' एवढाच. वडगावात माग चालवणाऱ्या यल्लाप्पाला तो कळला. सरकारी दवाखान्याच्या नोकरीत जन्म गेलेल्या पूर्णिमाला कळला. बसवंत मात्र जागच्या जागी थांबला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"ऐकलंत? हत्ती मेले."

यल्लाप्पाने पूर्णिमाकडे बघितलं. "किती म्हणं?"

"मेला नाही म्हणाला, मेले म्हणाला. म्हणजे कमीत कमी दोन. व्याकरण समजून घे."

"अन् बन्नी?"

"ते हत्तिणीचं नाव असणार." बसवंताने टोपी छातीशी धरली. "पण त्याहून मोठी गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. कर्नाटक सरकारचा माणूस आणि बातमी मराठीत दिली. मला बघून दिली. आयुष्य वाया गेलं नाही, यल्लाप्पा."

तो टोपी हातात धरून, मयतीला निघाल्यासारखा पुढे चालू लागला.

"सांग की रं त्याला," पूर्णिमा कुजबुजली.

"आत्ताच? माथा तरी येऊ दे. एवढा चढलोय मी, कायतरी मिळू दे की."

माथ्यावर खाकी शर्टवाला खाली उतरून आला. नाव नागेंद्र, शिवमोग्ग्याकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याला मराठी अजिबात येत नव्हती आणि त्याबद्दल त्याचा कुणी सत्कार केलेला नव्हता.

"कुठे मेले?" बसवंताने खालच्या पट्टीत विचारलं.

नागेंद्रला एकच शब्द ओळखीचा वाटला: मेले, म्हणजे वर. त्याने मनोऱ्याच्या टोकाकडे बोट केलं. "मेले, मेले."

"वर गेले," बसवंत स्वतःशीच म्हणाला.

"हौदु," नागेंद्रने मान डोलावली. हौदु म्हणजे हो.

बसवंताची नजर फिरली. शेजारी जनावरांना पाणी पिण्यासाठी सिमेंटचा हौद बांधलेला होता. त्यात पाचोळा होता आणि वीतभर पाणी. एखाद्या बेडकालाही त्यात धड बुडता आलं नसतं.

"हौदात!" बसवंत म्हणाला. "खात्याच्या हौदात!"

यल्लाप्पाने तोंडात रुमाल कोंबला. बसवंताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आवर. आपण श्रद्धांजली वाहू."

मग सगळे हौदापाशी माना खाली घालून उभे राहिले. मराठी लोक मनोरा चढण्याआधी असं करत असावेत, या समजुतीने नागेंद्रही उभा राहिला. यल्लाप्पाचे खांदे हलत होते.

फोटो चांगला आला. बसवंत लोखंडी शिडीने वर गेला, कठड्याला धरून उभा राहिला आणि सत्काराला साजेल असं दूर बघू लागला. पूर्णिमाने खालून मोबाईल धरला. मागे निळे डोंगर होते, हवेत धुराची एकही रेघ नव्हती. सगळं शोभत होतं.

पंचाईत उतरताना झाली. अर्ध्या शिडीवर वारा सुटला, शिडी करकरली आणि बसवंताने खाली बघितलं. मग तो ना वर जाईना ना खाली येईना. लोखंडाला मिठी मारून रामरक्षा म्हणू लागला, तीही चुकीची. यल्लाप्पाने पुन्हा तोंडात रुमाल कोंबला.

नागेंद्र भराभरा चढला आणि त्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली. खुणा करायला हात मोकळा नव्हता.

"एडगालु केळगे इडी," तो शांतपणे म्हणाला. डावा पाय खाली ठेवा.

बसवंताचा डावा पाय खाली आला.

"बलगै बिडी."

मराठी कानाला यात फार तर बिडी ऐकू यावी. बसवंताने उजवा हात सोडला.

"कण्णु मुच्ची."

बसवंताने डोळे मिटले.

"बायी मुच्ची."

आणि बसवंताने तोंड मिटलं. कुणाच्या सांगण्यावरून त्याने तोंड मिटल्याचं त्या दोघांनी आजवर बघितलं नव्हतं.

यल्लाप्पाच्या तोंडातला रुमाल हातात आला. हसू कुठेतरी राहून गेलं. शिडीवरचा माणूस एकेक शब्द ऐकत, एकही न चुकता, पायरी पायरीने खाली येत होता.

"म्हंजे मघाशी हत्ती मेले ते..." यल्लाप्पा म्हणाला.

"गप," पूर्णिमा म्हणाली.

बसवंत जमिनीला लागला आणि मनोऱ्याच्या खांबाला टेकून तिथेच बसला. नागेंद्र त्याच्या खांद्यावर थोपटून चहा ठेवायला खोपीत गेला. बसवंत तळहाताचा गंज दुसऱ्या तळहाताने पुसत होता. त्यामुळे दोन्ही हात लाल झाले.

"पूर्णिमा," तो वर न बघता म्हणाला, "रविवारी माझी ओळख तू करून देणार ना?"

"व्हय."

"त्यात हत्तींचं सांग. बन्नीचं, हौदाचं, सगळं."

"लई हसतील लोक."

"हसू देत. समितीतल्या त्या दोघांची तरी खात्री पटेल."

"अन् शिडीचं?" यल्लाप्पाने विचारलं.

बसवंताने खोपीकडे बघितलं, मग दूर डोंगरांकडे. आता फोटो कुणी काढत नव्हतं.

"यल्लाप्पा," तो म्हणाला, "हात दे की रं जरा. उठवंना झालंय."