परत आलेली टोपली

वरच्या साहेबांनी धडधडीत खोटं लिहिलं होतं आणि त्या खोट्यावर गोल शिक्काही मारला होता. थोरलीने ते पत्र चटईवर आपटलं, तशी खेळाची पानं उडाली.

"आई! डाव मोडलास ना!" तिची लेक ओरडली. पोरगी दहा वर्षांची, पण नियमांवरून एवढी भांडायची की घरात तिला वकीलबाईच म्हणत.

"डाव गेला खड्ड्यात. ऐका काय लिहिलंय. 'दारावर धोक्याची पाटी असताना सदर महिला स्वतःच्या निष्काळजीपणाने आत गेली. सबब उपचारांची जबाबदारी कंपनीवर नाही. हजर असलेल्या एका कामगाराने पाटी पाहिल्याचे लिहून दिले आहे.' नाव नाही कामगाराचं. कशाला घालतील?"

सदर महिला समोरच पाठीला उशी लावून बसली होती. थोरलीची धाकटी जाऊ. थोरली, धाकटी आणि धाकटीचा नवरा, तिघंही कंपनीच्या अळंबीच्या शेडमध्ये कामाला. महिन्यापूर्वी तिथल्या एका खोलीला औषधाची धुरी दिली होती. दाराला कुलूप नाही, पाटी नाही. धाकटी नेहमीसारखी अळंबी काढायला आत गेली आणि थोरलीने तिला पायाला धरून बाहेर ओढलं. ते कोरं दार थोरलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून धाकटीचं एक वाक्य तीन श्वासांत यायचं.

"सोमवारी जाऊन तोंडावर सांगते," थोरली दिराला, धाकटीच्या नवऱ्याला, म्हणाली. "तुम्हीही या, भावजी. तुम्हीही धावत आला होतात. दार पाहिलंत ना?"

"बघू ना, वहिनी. वरची माणसं ती. जरा दमानं घेऊ."

"दमानं? हिला दम लागतोय तो दिसत नाही? आणि ज्याने लिहून दिलं, त्याच्या घशाखाली घास तरी कसा उतरतो!"

दिराने तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. सुट्टीचा दिवस असूनही त्याच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. गेल्याच आठवड्यात त्याला नोकरीत कायम केलं होतं. थोरलीने गल्लीभर ती बातमी मिरवली होती.

"चला, खेळू या," धाकटी म्हणाली. पोरीने उडालेली पानं पुन्हा जागच्या जागी लावली.

खेळ सोपा होता. रानात अळंबी गोळा करायची. हातातलं एक पान कागदी टोपलीत पालथं ठेवायचं, शेजारच्याकडे सरकवायचं आणि म्हणायचं, 'खायची आहे.' शेजाऱ्याने विश्वास ठेवून खायची, नाहीतर टोपली परत करायची. परत आलेली देणाऱ्यानेच खायची. चार विषारी पोटात गेल्या की बाद.

धाकटीपुढे तीन विषारी उताण्या पडल्या होत्या. तिन्ही नवऱ्याने दिलेल्या.

"काकू, तू परत का करत नाहीस गं?" वकीलबाई वैतागली. "काकाला थाप मारता येत नाही. चांगली असली की 'खायची आहे' एवढंच म्हणून सरकवतो. विषारी असली की तोंडातून नुसती साखर गळते!"

"गप गं," दीर हसला. त्याने पान टोपलीत ठेवलं आणि टोपली बायकोकडे सरकवली. "घे. खायची आहे. छान आहे अगदी. खास तुझ्यासाठी राखून ठेवलीय."

"बघ! गळली!" पोरीने बोटं मोजायला घेतली. "विषारी सहा. तीन काकूपुढे. दोन माझ्याकडे. उरली एक. आईकडे असती तर मघाशीच तिने माझ्या गळ्यात मारली असती. म्हणजे काकाच! दुसरं आहेच कोण?"

थोरली हसायला गेली आणि तिची नजर पोरीच्या बोटांवर अडकली.

त्या पहाटे शेडमध्ये कामगार चौघंच होते. पदराआड थोरलीचा अंगठा बोटांवर फिरू लागला. एक, खोलीत पडलेली. दोन, ड्रायव्हर. तो माल घेऊन अंधारातच गेला होता. तीन, ती स्वतः. अंगठा चौथ्या बोटावर आला आणि तिथेच राहिला. तिने निळ्या शर्टाकडे पाहिलं. खिशावरचा शिक्का पत्रावरच्यासारखाच गोल होता.

"भावजी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"घे ना गं," दीर बायकोला म्हणाला. त्याचं वहिनीकडे लक्ष नव्हतं, की त्याला ते द्यायचं नव्हतं? "विश्वास नाही का माझ्यावर?"

धाकटीने हात पुढे केला. थोरलीला वाटलं, खाणार. ही चौथीसुद्धा खाणार ही बाई. मग तिला जाणवलं की धाकटी टोपलीकडे बघतच नाहीये. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं. किती दिवस? कुठल्या गोड बोलण्यावरून ओळखलं हिने?

धाकटीने चटईवरचं पत्र उचललं, मांडीवर ठेवून सरळ केलं, त्याची नीट घडी घातली. ती घडी टोपलीत, पालथ्या पानावर ठेवली. मग पहिल्यांदाच, एका बोटाने, टोपली नवऱ्याच्या गुडघ्यापर्यंत मागे ढकलली.

"ही परत," ती म्हणाली.

वकीलबाईने टाळी वाजवायला हात उचलले आणि आईचा चेहरा पाहून तसेच खाली घेतले.

"अगं, खेळ आहे हा..." दीर म्हणाला.

"पान... नंतर उघडा." धाकटी श्वासासाठी थांबली. "आधी... तोंडाने सांगा. अहो... पाटी होती?"